सुईच्या पुढचा उपचार

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांचा बाजार भरतो, तमाशाचे फड रंगतात आणि कुस्त्यांची दंगल होते. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात तालमीत घाम गाळलेली माणसं गावोगाव भेटतात. पन्नाशी उलटल्यावर गुडघा नाहीतर कंबर धरून ओट्यावर बसलेले जुने पहिलवानही गावोगाव भेटतात. वेदनेच्या आधुनिक उपचाराचा पाया ज्यांनी घातला, ते डॉक्टरही असेच एक पहिलवान होते.

जॉन बोनिका यांचा जन्म १९१७ चा, इटलीतल्या एका लहानशा बेटावरचा. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. डॉक्टर होण्याचा खर्च त्यांनी आखाड्यात उतरून भागवला. तोंडावर मुखवटा चढवून ते व्यावसायिक कुस्त्या खेळत. दुसऱ्या महायुद्धात एका लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यांच्यापुढे असे सैनिक येऊ लागले, ज्यांच्या जखमा भरून आल्या होत्या, पण दुखणं थांबलेलं नव्हतं. बोनिकांनी पुस्तकं चाळली; हाती फारसं लागलं नाही. हाडांच्या डॉक्टरला हाडाचं ठाऊक होतं, मेंदूच्या डॉक्टरला नसांचं, मानसोपचारतज्ज्ञाला मनाचं; पण समोरच्या माणसाचं सगळं दुखणं कुणा एकाला कळत नव्हतं. मग त्यांनी या सगळ्यांना एकाच रुग्णाभोवती बसवायला सुरुवात केली. १९५३ साली त्यांचा वेदनेच्या उपचारावरचा मोठा ग्रंथ आला आणि १९७३ साली त्यांच्याच पुढाकारानं वेदनेचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. कुस्तीनं खिळखिळ्या केलेल्या त्यांच्या स्वतःच्या शरीरावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि दुखणं त्यांनाही शेवटपर्यंत सुटलं नाही. ते त्या दुखण्यासकट काम करत राहिले.

कंधारच्या रुग्णासाठी बोनिकांचं आयुष्य दोन अर्थांनी महत्त्वाचं आहे. जुनं दुखणं एका डॉक्टरानं, एका गोळीनं किंवा एका सुईनं बहुधा जात नाही. आणि ते पूर्ण गेलं नाही, तरी माणूस पुन्हा उभा राहू शकतो.

सोयाबीनची काढणी आटोपली की ग्रामीण रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यांत कंबरेच्या रुग्णांची रांग वाढते. "डॉक्टर, कंबरेत लई कळ येतीय, एक सुई द्या," एवढ्यावर संवाद संपतो. सुईनं दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा पात धरते, पाचव्या दिवशी पुन्हा रांगेत येते. मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, दवाखान्याचा खर्च होतो आणि वर्षाच्या शेवटी दुखणं होतं तिथंच असतं. यात चूक एकट्या रुग्णाची नाही आणि एकट्या डॉक्टराचीही नाही. ताज्या दुखण्याचा उपचार जुन्या दुखण्याला लावला जातो, तिथं गाडं अडतं.

ताजं दुखणं हा शरीराचा इशारा असतो. पायात काटा मोडला, कळ आली, काटा काढला, कळ थांबली. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं मात्र वेगळ्या जातीचं असतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की, दुखावलेल्या भागाकडून निघालेला निरोप जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही. मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही हात असतो. भीती, जागरण, चिंता यांनी ते जास्त उघडतं. हालचाल, लक्ष दुसरीकडे लागणं, धीर मिळणं यांनी ते मिटू लागतं. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की, दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. मग हलका धक्काही त्यांना मोठा वाटतो. मूळ जखम भरली तरी ही हळवेपणाची अवस्था मागं राहू शकते.

हे घरातल्या माणसांनी समजून घेणं फार गरजेचं आहे. रक्ताचा रिपोर्ट चांगला, एक्स-रे चांगला, तरी सून म्हणते की अंग दुखतं. मग ती सोंग करते असा संशय घरात घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, जुनाट वेदनेला आजार म्हणून स्वतःची जागा मिळाली आहे. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

पण सापडण्यासारखं असेल, तर ते आधी शोधलं पाहिजे. या भागात हा शोध दवाखान्याच्या बाहेरून, पाण्यापासून सुरू करावा लागतो. नांदेड हा फ्लोराइडची झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. लोहा तालुक्यातल्या सुनेगाव-सांगवीसारख्या गावांत ऐन उमेदीतल्या माणसांची पाठ आणि सांधे आखडलेले लोकांनी पाहिले आहेत. पाण्यासाठी बोअर खोल खोल जात राहिल्या, आणि खोल खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरलं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडांत साठतं, सांध्यांभोवतीचे बंध कडक होतात. सुरुवातीला हे सगळं हुबेहूब संधिवातासारखं दिसतं. रुग्ण वाताच्या गोळ्या घेत राहतो आणि त्याच हंड्यातलं पाणी पीत राहतो.

संशय घ्यायचा कसा? आरोग्य कर्मचारी गावात तीन साध्या हालचाली करून बघतात: गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येतात का, हनुवटी छातीला लागते का, दोन्ही हात मानेमागं नेता येतात का. जोडीला लहानपणापासून तिथंच वाढलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, तर पाणी आणि लघवी तपासणं हा उपचाराचा पहिला भाग ठरतो. पाणी लवकर बदललं तर सुरुवातीचा त्रास कमी होऊ शकतो. हाडांत खोल झालेला बदल मात्र मागं फिरत नाही. म्हणून कंबरदुखीच्या रुग्णानं डॉक्टरला आपण बोअरचं पाणी पितो की विहिरीचं की नळाचं, आणि किती वर्षांपासून, हे न विचारता सांगावं. ग्रामपंचायतीकडं पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागायचा हक्क गावकऱ्यांना आहे. दुखण्याच्या फाइलीत त्या कागदाची जागा एक्स-रेच्या शेजारी असायला हवी.

दुसरा प्रश्न तापाचा. २००६ साली चिकुनगुन्यानं महाराष्ट्र झोडपला. देशात जवळपास १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे २ लाख ५९ हजार या राज्यातले. ताप आठवड्यात उतरला, पण अनेकांच्या मनगटांत, घोट्यांत, बोटांच्या पेरांत महिनोन्महिने दुखणं राहिलं. काहींच्या बाबतीत ते वर्षांवर गेलं. चिकुनगुन्याच्या साथी पुढंही येत राहिल्या. तापानंतर तीन महिने उलटूनही सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर अर्धा तास हात वळत नसतील, तर वेदनाशामक गोळीवर दिवस काढण्यात अर्थ नाही. अशा रुग्णाला फिजिशियननं तपासून संधिवाताची वेगळी औषधं द्यायची की नाही हे ठरवावं लागतं, आणि ती जितकी लवकर ठरतील तितके सांधे वाचतात.

क्षय हा तिसरा. मणक्याच्या क्षयाची सुरुवात साध्या पाठदुखीनं होते. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, अशी जोड असेल तर तपासणी पुढं ढकलू नये. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर सुरू झालं तर मणका वाचतो. तळपाय रात्री आगीसारखे पेटत असतील तर साखर तपासावी, आणि शाकाहारी माणसानं बी-१२ सुद्धा. पायाची ताकद कमी होत चालली, जांघेभोवतीचा भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी नांदेड गाठावं. कंधारपासून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि अशा वेळी तासांनाही किंमत असते.

कारण न शोधता उपचार केला की काय होतं, याचं मराठवाड्याइतकं जळजळीत उदाहरण दुसरीकडं शोधायला नको. दसरा-दिवाळीनंतर या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जोडपी निघतात. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पाळी असो, बाळंतपण नुकतंच झालेलं असो. पोटात, ओटीपोटात, कंबरेत दुखतं, अंगावर पांढरं जातं. बीड जिल्ह्यात अशा बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा बायकांमागं जवळपास एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. जंतुसंसर्गानं अंगावर जात असेल तर त्यावर औषध आहे. कंबर मोळीच्या ओझ्यानं दुखत असेल तर पिशवी काढून ती थांबणार नाही. उलट कमी वयात अंडाशयही काढली गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि दुखण्यात भरच पडते. "पिशवी काढून टाका, त्रास मिटेल," असं कुणी पहिल्याच भेटीत सांगितलं, तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

शस्त्रक्रियेच्या अलीकडं असतो एमआरआय. "मणक्यात गॅप पडलाय" हे वाक्य नांदेड-लातूरच्या बसस्टँडवर कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळतं, आणि ते ऐकल्यापासून माणूस वाकायचंच सोडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांची चित्रं पाहणारी ३३ संशोधनं एकत्र केली होती. त्यांत विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. या सगळ्यांना दुखत नव्हतं! केस पांढरे व्हावेत तशी ही झीज. चित्रातला दोष आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ बसतो का, हे रुग्णाला तपासूनच कळतं. तेव्हा एमआरआयचा कागद हाती आल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: "यात जे दिसतंय, त्यानंच माझं दुखतंय का?"

डॉक्टरला तपासायला वेळ मिळतो पाच-सात मिनिटं. त्यात नेमकं सांगता आलं तर अर्धं निदान होतं. मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणं आहेत. मराठवाड्यातल्या आजीकडं ती जन्मजात असतात, फक्त डॉक्टरपुढं गेल्यावर ती "सगळं अंग दुखतंय" एवढंच म्हणते. आग, मुंग्या, विजेसारखी चमक असेल तर बोट नसेकडं जातं. ठसठस आणि सूज असेल तर दाहाकडं. सकाळी आखडलेलं अंग चालल्या-फिरल्यावर मोकळं होत असेल तर एक अर्थ, आणि दिवसभर राबल्यावर संध्याकाळी ठणका लागत असेल तर दुसरा. उसण भरावी तशी कळ वाकतानाच येते की बसलं तरी येते? पायात उतरते का, उतरली तर पोटरीपर्यंत की अंगठ्यापर्यंत? हे सगळं मुलाच्या जुन्या वहीच्या एका पानावर आठवडाभर लिहून नेलं, तर त्या पाच मिनिटांचं सोनं होतं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं, असा रोज एक आकडा. त्याखाली त्या दिवशी काय काम केलं आणि झोप किती झाली. आजीला लिहिता येत नसेल तर नातीनं लिहावं.

वहीबरोबर एक पिशवीही न्यावी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची. त्यात मेडिकलवरून मागून आणलेल्या पाकिटापासून वैदूच्या पुडीपर्यंत काहीही लपवू नये. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही नावं वेगळी, पण औषधं एकाच कुळातली. दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी ती घेतली की मात्रा दुप्पट होते. पोटात अल्सर, रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, वाढता रक्तदाब ही त्यांची किंमत. भारतातली गिधाडं संपत आली ती याच डायक्लोफेनॅकमुळं: औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाचं शरीर त्या औषधाला गिधाडाइतकं हळवं नाही. तरी साखर, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसानं ते महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेत राहणं धोक्याचंच आहे. वाताच्या बिननावाच्या पुड्यांचं तर विचारूच नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं देशात अनेकदा आढळलं आहे. पुडीनं तासाभरात मोकळं वाटतं, सहा महिन्यांत तोंड गोल होतं, साखर चढते, हाडं पोकळ होतात; आणि ती एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ती किती दिवस घेतली, हे डॉक्टरला सांगून हळूहळूच सोडावी लागते.

नसेच्या दुखण्याची औषधं निराळी असतात, आणि नेमकी तीच अर्ध्यात सोडली जातात. अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं की कुणीतरी सांगतं, "ही तर डोक्याची गोळी आहे." गोळी उकिरड्यावर जाते. खरं तर ही औषधं मेंदूकडून मज्जारज्जूकडं जाणारे, वेदना रोखणारे संदेश बळकट करतात. नसेच्या दुखण्याला त्यांची मात्राही बहुधा लहान असते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस झोप येते, तोंड कोरडं पडतं, प्रिगॅबलिन या नसेच्याच दुसऱ्या औषधानं गरगरतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, अॅमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधं साधारण चार जणांना दिली तर एकाचं दुखणं निम्म्यावर येतं. प्रिगॅबलिन जवळपास आठ जणांना द्यावं लागतं. म्हणजे पहिलं औषध लागू पडलं नाही ही नेहमीचीच गोष्ट आहे. त्यात रुग्णाचं नशीब फुटकं नसतं, डॉक्टरही अडाणी नसतो. दुसरं औषध आजमावायला परत गेलं पाहिजे. दवाखाने बदलत राहणाऱ्याच्या नशिबी मात्र सगळीकडं पहिलंच औषध येतं.

कर्करोगाच्या वेदनेचा नियम वेगळा, आणि तो इथं वेगळा सांगायलाच हवा, कारण तंबाखू-गुटख्यानं तोंडाचे कर्करोग या भागातही घरोघर पोचले आहेत. अशा रुग्णाला मॉर्फिन देणं हा योग्य उपचार आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं ते मिळणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसह सहा औषधांसाठी वाट सोपी केली. सवय लागेल या भीतीनं शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला तळमळत ठेवणं हा अन्याय आहे. गुडघा-कंबरेच्या जुन्या दुखण्यात मात्र हीच औषधं कामाची नाहीत. अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अफूवर्गातल्या औषधांनी साध्या औषधांहून जास्त काम करता येतंय असं दिसलं नाही. त्याच वर्षी भारतात ट्रॅमाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते मागून घ्यायची गोळी राहिलेली नाही.

गोळ्यांचं एवढं सांगून झाल्यावर खरं बळ कशात आहे तिकडं वळावं लागतं, आणि ते आहे हालचालीत. दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला "व्यायाम करा" म्हटलं की ती हसते, आणि तिचं हसणं रास्त आहे. खुरपणी हे श्रम आहेत. त्यात तेच स्नायू, तोच बाक, तेच तास. व्यायामात न वापरलेले स्नायू मजबूत करायचे असतात: मांडीचे, पोटाचे, पाठीचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायची. झोपून पाय सरळ उचलायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं की घरी करता येतं. गुडघेदुखी आणि जादा वजन असेल, तर एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलामागं गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. कंबरेसाठी नुसतं चालणंही मोठं औषध ठरतं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांपैकी काहींना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालायला लावलं होतं. त्यांची कंबर पुन्हा दुखायला मधल्या हिशेबानं २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत दुखली. कंधारात पहाटे किल्ल्याकडं किंवा जगत्तुंग सागराच्या बाजूला निघणाऱ्याला यासाठी एक रुपयाही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये कंबरदुखीबद्दल पहिल्यांदाच मार्गदर्शन जाहीर केलं. व्यायाम, रुग्णाला समजावून सांगणं आणि मानसिक आधार यांना त्यात वरचं स्थान आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं हे नेहमीचे उपाय मात्र करू नयेत, असं म्हटलं आहे. वर्षानुवर्षं पट्टा आवळून फिरणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरशी या बाबतीत बोलायला हरकत नाही.

शेतकऱ्याच्या दुखण्याचा एक खास फेरा असतो. बरं वाटलं त्या दिवशी सगळी पात उरकायची, मग तीन दिवस खाटेवर. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. यातून सुटायचं तर दुखण्याकडं न बघता घड्याळाकडं बघून थांबावं लागतं. चाळीस मिनिटांनी कळ सुरू होते असं वहीत दिसलं, तर पंचविसाव्या मिनिटाला उठायचं, चार पावलं चालायचं, बसायची पद्धत बदलायची. कळ येण्याच्या आत थांबणं हे महत्त्वाचं. आठवड्यानं त्यात थोडी मिनिटं वाढवायची. खुरप्याऐवजी उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं जिथं चालतं तिथं ते वापरायचं. मुकादम आणि मालक यांना हे पटवणं अवघड जातं, हे खरंच. रोजावर जाणाऱ्या बाईला स्वतःचं घड्याळ नसतं. तिच्या उपचारात तिच्या नवऱ्याला आणि शेतमालकाला समजावण्याचाही भाग असतो, आणि ते काम आशाताई डॉक्टरपेक्षा चांगलं करू शकतात.

रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की झोप मोडते. त्यात कर्ज, नापिकी, मुलीचं लग्न. जुनं दुखणं आणि उदासी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. मन उदास आहे हे डॉक्टरला सांगितलं तर "मनाचं आहे" म्हणून बोळवण होईल ही भीती साहजिक आहे, पण उदासीचा उपचार झाला की तीच गोळी, तोच व्यायाम जास्त गुण देतो. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

या सगळ्यासाठी जायचं कुठं? राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळं सुरुवात तिथून व्हावी आणि कागद एकाच फाइलीत राहावेत. गुंतागुंतीचं असेल तर नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय संस्था आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत नसेभोवती औषध सोडण्यासारखे वेदनेचे उपचार बहुधा भूलशास्त्र विभागाचे डॉक्टर करतात, म्हणून चिठ्ठीवर नुसतं "हाडांचा विभाग" लिहिलेलं असलं तरी भूलतज्ज्ञांची वेदनेची ओपीडी आहे का, हे विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीतच डॉक्टरबरोबर एक उद्दिष्ट ठरवून घ्यावं, आणि ते कामाच्या भाषेत असावं: पंगतीत मांडी घालून बसता यावं, नांदेडपर्यंत बसनं जाता यावं, दोन घागरी पाणी आणता यावं, सुट्टी न घेता एक पात खुरपता यावी. दहापैकी आठवर असलेलं दुखणं साडेपाचवर आलं, म्हणजे सुमारे तीस टक्के उतरलं, तर तो खरा गुण मानतात. शून्याची वाट बघणारा माणूस साडेपाचवर आलेलं औषधही फेकून देतो. चार-सहा आठवड्यांनी वही घेऊन परत जावं आणि ठरवलेलं काम जमू लागलं का, ते आधी सांगावं. जमत नसेल तर औषध बदलायचं, मात्रा बदलायची की तपासणी नव्यानं करायची हे डॉक्टरनं ठरवावं. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर तिनं काय सुधारेल, काय सुधारणार नाही आणि ती केली नाही तर काय होईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. अमेरिकेत ह्यूस्टन इथं ब्रूस मोझली यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीनं गुडघा धुणं-घासणं आणि नुसता काप देऊन टाके घालणं यांचा गुण सारखाच निघाला होता. पूर्ण झिजलेला सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि योग्य रुग्णाला तिचा मोठा फायदा होतो.

फिजिओथेरपीसाठी दर आठवड्याला नांदेडची खेप करणं रोजंदारीच्या माणसाला परवडत नाही. म्हणून पहिल्या खेपेला व्यायाम शिकताना मुलानं मोबाइलवर चित्रीकरण करून घ्यावं, दुसरी खेप महिन्यानं ते बरोबर होतायत का हे दाखवायला ठेवावी, आणि मधल्या काळात रोज सकाळी वीस मिनिटं, वावरात जायच्या आधी, ते घरीच करावेत.